पाचशे अठ्ठावीस किलोबाइट

क्लाक्सविकला पहाटेचे तीन.
मासळीच्या कारखान्यात वजनकाटे गप्प, पट्टा गप्प,
आणि हॉग्नी दारात उभा, रबरी बूट घालून,
हातात कॉफीचे दोन कप: एक त्याचा, दुसराही त्याचाच.
"काय हरवलंय नेमकं?"

हरवलं काहीच नाही, मी म्हणते.
काल जुन्या सर्व्हरचा पंखा घरघरायला लागला
म्हणून त्यावरची पाच यंत्रं, यंत्रं कसली, यंत्रांची सोंगं,
बंद करून पलीकडच्या सर्व्हरवर नेली.
त्यांच्या डिस्क आधीपासून तळघरातल्या पेटीत,
नेटवर्कच्या तारेला बांधलेल्या. त्यांना हलायचंच नव्हतं.
चार उठली. अंदाजाने दार सापडलं त्यांना.
पाचवं, लेबलं छापणारं,
डोळे उघडतं आणि काळ्या पडद्यावर
पिवळ्या अक्षरांत विचारत राहतं:
कुठून सुरू करू?

घर आहे. सामान आहे.
पण जाग येण्याआधीची जी आठवण असते,
कुठल्या कुशीवर वळायचं, पहिला पाय कुठे टाकायचा,
ती राहते एका चिमुकल्या फाइलीत,
पाचशे अठ्ठावीस किलोबाइट,
आणि ती राहिली जुन्याच्या पोटात.

हॉग्नी हसतो. "माझं उलटं झालं."
अकरा वर्षं झाली त्याला ट्रॉलर सोडून.
खलाशाचे कपडे वाटून टाकले,
डेन्मार्कला जाऊन गुडघासुद्धा बदलून आणला,
तरी रात्री बाराच्या ठोक्याला उठून बसतो, पहाऱ्यावर जायला.
बायको म्हणते, झोप रे, समुद्र नाहीये.
"सगळं मागे राहिलं. तेवढं एक आलं बरोबर."

मी जुन्या सर्व्हरच्या पोटातून फाइल काढते,
पेटीत नवा कप्पा करते,
दोन्ही सर्व्हरांना एकच पत्ता देते,
आणि इथे घोडं अडतं.
फाइलीच्या मालकाच्या रकान्यात आलंय: कोणी नाही.

पेटी संशयी आहे.
तारेवरून आलेल्या राजाला ती राजा मानत नाही,
मुकुट बाहेर ठेव म्हणते, नाव विसर, मग ये.
माझ्याआधीच्या मार्युनने लावलेली शिस्त.
कपाटाच्या दारावर आतून तिचं पेन्सिलीतलं अक्षर:
राजाला आत घेऊ नका. कितीही घाई असली तरी.

घाई आहे. एका ओळीचं काम आहे.
पाच वाजता पाळी सुरू होईल,
चाळीस बायका लेबलांशिवाय पेट्यांसमोर उभ्या राहतील.

नाही घेत.
यंत्र चालवणारा जो साधा नोकर, क्रमांक एकशे सात,
त्याचा क्रमांक इकडे तिकडे सारखा करते
आणि कप्पा त्याच्या नावे लिहून देते.
रकान्यात आता कोणीतरी आहे.

मग क्रम. आधी नेटवर्क, मग कप्पा, मग यंत्र.
हे बजावलं नाही तर यंत्र उतावळेपणा करतं,
रिकाम्या फोल्डरलाच कप्पा समजून
तिथे कोरी पाटी मांडून बसतं,
आणि मागाहून खरा कप्पा येतो तो तिच्यावरच पसरतो.
लाइर्विकला मी हे एकदा केलंय.
दोन दिवस शोधत होते, आणि ती पायाखालीच होती.

चार चाळीस. पडदा काळा.
पिवळी अक्षरं येत नाहीत.
येत नाहीत, हीच खूण.
छपाईयंत्र खाकरतं आणि अडकलेलं लेबल सोडतं:
सामन, तेवीस किलो, तारीख कालची.

हॉग्नी ते सोलून जुन्या सर्व्हरच्या कपाळावर चिकटवतो.
बाहेर गाड्यांचे दिवे उतारावरून येऊ लागलेत.

"रान्वा, याला कधी बंद करणार?"
आज रात्री. सगळं शांत असताना, मी म्हणते.
तू उठलास की
मला फोन कर.