एका जाडीची दांडी

एस्कीशेहिरच्या या गल्लीत पंचेचाळीस वर्षं
मी लोकांच्या टाचा वाचत आलो.
टाच बाहेरून झिजली तर चढावर राहणारा,
चवडा झिजला तर जन्मभर उशीर झालेला.
बूट काउंटरवर ठेवायच्या आत विचारायचो,
डावा गुडघा दुखतो ना, साहेब?

आणि लिमोन दोन महिने एका पायावर उभा होता
तर मला वाटलं, झोपतोय.

पाखरं झोपताना एक पाय पोटाशी घेतातच.
पण भर दुपारी? समोर राळ्याचं कणीस असताना?
दारावरची घंटी वाजली की तो म्हणतो, "आले, आले",
आवाज मुझेय्येनचा.
ती गेली त्याला दोन वर्षं होतील,
आवाज याच्यापाशी राहिला.
तेव्हाही दुसरा पाय खाली नाही.

टॉवेलमध्ये धरला. मूठभरही नाही,
आत शिलाई मशीन चालू असल्यासारखं काळीज.
उलटा केला, कपाळावरचा चष्मा खाली ओढला.
तळव्याचे खवले झिजून गुळगुळीत, लालबुंद,
मधोमध तिळाएवढी खपली.
भोवरी.
माझ्याच धंद्यातली.

डॉक्टर गुलशेन हानिम माझ्या नातीच्या वयाची.
तिनं आधी वजन केलं: बावन्न ग्रॅम.
सूर्यफुलाच्या बिया बंद म्हणाली, हिरवं द्या.
मग पिंजऱ्यात बोट घालून विचारलं,
ही दांडी कुणी केली?

मी, म्हटलं. छाती काढूनच म्हटलं.
बीचचं लाकूड, काचेनं तासलेलं, मेणानं घोटलेलं,
या टोकापासून त्या टोकापर्यंत
केसाचा फरक सापडायचा नाही.

"तेच तर झालंय, उस्ता.
रात्रंदिवस त्याच जागी तोच भार.
तुम्ही सगळ्या गिऱ्हाइकांचे बूट
एकाच कलबुतावर चढवता का?"

मी फी दिली. सुटे परत घ्यायचे विसरलो.

आता सकाळ-संध्याकाळ बशीत कोमट पाणी,
काडीला कापूस गुंडाळून मलम.
बोटाला कडकडून चावतो. चाव बाबा,
जोडे चावतात तेव्हा कुणी कुणाला विचारतं.

पोर्सुकच्या काठावरून वाळुंजाची फांदी तोडली, चोरून.
पालिकेचा माणूस बघत होता म्हणून
खाली वाकून बुटाची नाडी बांधत बसलो,
आधीच बांधलेली.
घरी उकळत्या पाण्यातून काढली, उन्हात वाळवली.
गाठी तशाच ठेवल्या.
रापी हाताशी होती, हात शिवशिवत होता,
तरी तशाच ठेवल्या.

त्या रात्री कपाटातून मुझेय्येनचे तपकिरी बूट काढले,
लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा केलेले.
बाहेरून बघाल तर अजून कोरे.
आत बोट घातलं.
करंगळीपाशी अस्तर कात्रीनं कापलेलं,
दोन्ही बुटांत,
आणि कापसाचा बोळा, दाबून दाबून पापडी झालेला.

प्रत्येक ईदला घालायची.
कसे आहेत विचारलं की म्हणायची, लोण्यासारखे.

बूट कलबुतावर चढवून ठेवलेत, अर्धा बोट सैल व्हायला.
कुणासाठी, ते विचारू नका.

फांदीकडे लिमोन तीन दिवस फिरकलाच नाही,
जाळीला लटकून राहिला, माझ्याकडे पाठ करून.
चौथ्या दिवशी बारीक टोकावर गेला, मग जाड बुंध्याशी,
मग गाठीवर तिरका, बोटं फाकवून,
नवे बूट घालून लोक दुकानात चार पावलं चालतात
आणि लगेच काही बोलत नाहीत, तसा.

खपली अजून आहे. डॉक्टर म्हणते, महिने लागतील.
जुनी दांडी शेगडीत घातली.
मेण होतं, छान जळली.

आत्ता घंटी वाजली. कुणी तरी टाच बदलायला आलंय.
"आले, आले," तो म्हणतो,
आणि दुखरा पाय हळूच टेकवून बघतो,
पुन्हा उचलतो,
पुन्हा टेकवतो.