न पोचलेला हात

गुळाच्या अडतीवरची जुनी लाल वही आहे माझी.
डावीकडं आवक, उजवीकडं जावक.
हल्ली आवकेखाली लिहितो कोणी कुठं धरलं,
जावकेखाली, त्यातनं काय निघालं.
आमच्या पोरींच्या चार मिनिटांत
अडीच मिनिटं नुसती धराधरी असते,
हे मला बेरीज करताना कळलं.

कसबा बावड्यातला हॉल, पत्र्यावर ऊन.
मॅटवर आफरीन शिकलगार, सत्तावन्न किलो,
काल रात्रीपासून पाण्याचे घोट मोजलेली.
समोर निळ्या पोशाखात नाशिकची देवयानी बोरस्ते,
डावखुरी.
डावी विरुद्ध उजवी म्हणजे
एकाच दारात दोन खांदे अडकल्यागत.

बाही धरली, झटकली.
कॉलर धरली, सोडवली.
बाही, बाही, मनगट, काही नाही.
आवकेचं पान भरत आलं, जावक कोरी.
पंच ओरडले, "माते!"
थांबा, एवढाच त्याचा जपानी अर्थ.
पहिल्या वर्षी तो ऐकून बंडा वस्तादांनी
बसल्या जागी अंबाबाईला हात जोडले होते.
दोघींना एकेक शिदो. कारण, लढत नाहीत.

वस्ताद माझ्या शेजारीच, दोन्ही कान मोडलेले.
"मातीत धरायला कापड नसतंय,
हितं कापड सोडलं की दंड.
आणि पायाला हात लावायचा न्हाई!
म्हंजे ताटावर बसायचं
आणि भाकरीला शिवायचं न्हाई."

पायाचंच तर दुखणं.
नवव्या वर्षापासून पट काढत आलेली पोर,
मॅटवर येऊन तीन वर्षं झाली
तरी हात अजून ऐकत नाही.
एक बावन्नला तो गेलाच खाली,
मांडीला बोटं टेकली न टेकली.
दुसरा शिदो.
आणखी एक झाला की सामना संपला,
कोणी कोणाला न पाडता.

देवयानीला हे ठाऊक होतं.
तिच्या बाकावरही कोणीतरी वही घेऊन बसलेलं असणार.
डावा पाय ती हळूच पुढं ठेवायची,
सापळ्यात खोबरं ठेवावं तसा,
मागं घ्यायची, पुन्हा ठेवायची.
मध्येच एखादा खोटा डाव,
गुडघ्यावर बसून, पंचांना दाखवण्यापुरता.
तसले तीन मी जावकेत लिहिले आणि खोडले.

चार मिनिटं. शून्य-शून्य.
आता घड्याळ सुलटं चालणार,
पहिला गुण तोच शेवटचा.
आफरीनच्या नखातनं रक्त. डॉक्टर पट्टी गुंडाळतात
तेवढ्यात ती दम खाऊन घेते.
वस्ताद कधी नव्हे ते गप्प.

एक मिनिट अकरा.
तो पाय पुन्हा पुढं आला.
आफरीनचा उजवा हात खाली निघाला.
"मेली!" वस्ताद म्हणाले.
देवयानीची नजर पंचांकडं गेली, दंड मागायला,
आणि कॉलरवरची तिची मूठ
जराशी, अगदी जराशी, सैल पडली.

हात मांडीच्या चार बोटं अलीकडं थांबला.
वर आला, मानेमागं कॉलरवर बसला.
पाठ फिरली, पाय आत गेला,
तालमीत टांग, इथं उची-माता,
निळा रंग पंख्याखालनं उलटा होऊन
कुशीवर पडला.
वाझा-आरी. तेवढा पुरे होता.

पोरं नाचतायत, मी पेन्सिल धरून बसलोय.
आवक, बाही आणि कॉलर. जावक, उजवी टांग.
बेरीज जुळते.
पण तो मांडीपर्यंत न पोचलेला हात?
अडतीवर असा माल यायचा कधीकधी,
गाडीभर, नुसता दाखवून परत न्यायचा.
कुठल्याच पानावर त्याची पावती नसायची,
पण दिवसाचा भाव त्यानं पडायचा.

बाहेर पायरीवर आफरीन
दातांनी पट्टी सोडवत बसली होती.
विचारलं, ठरवून केलंस?
"कुठलं ठरवून, काका. खराच निघालेला.
अर्ध्यात आठवलं."
आणि तिनं बाटली तोंडाला लावली,
न मोजता.