उपाशीपोटी

रात्रभर वारा. सकाळी शिवडी नाक्यावर
एक होर्डिंग बसच्या टपावर पसरलेलं,
त्यावरची बाई आकाशाकडे बघून दात दाखवत होती.
टॅक्सीवाला म्हणाला, "पुलाखाली गळ्याएवढं आहे.
होडी बघा."

माझ्या खांद्याला निळा डबा.
आत बर्फाच्या चार विटा, सुया, कापूस,
जांभळ्या, लाल, करड्या टोपणांच्या नळ्या,
आणि यादी: पाच घरं.
पाचही जण काल रात्री आठपासून उपाशी.

माणूस उपाशी असला की शहर लांब होतं,
हे मला या नोकरीनं शिकवलं.
फोन वाजतच राहतो.
"बाई, निघालात?"
"बाई, नुसतं पाणी प्यायलं तर चालेल?"
"बाई, चूळ भरताना थोडं पोटात गेलं."

किडवई रोडवर चप्पल हातात घेतली.
भिंतीच्या कडेनं, पाण्याखाली जिथं फूटपाथ असावा
अशा अंदाजानं. पुढं एक पोरगा
बांबूनं तळ चाचपत चाललेला.
"इथं झाकण आहे. इथं नाही. इथं नाही, आजी, थांबा."
त्याच्या बांबूमागं आम्ही अकरा जण:
बँकेतले एक साहेब, एक पाववाला,
दोन्ही हात वर धरलेली एक मेंदीची मुलगी.
कुणी कुणाचं नाव विचारलं नाही.
एका कोपऱ्यावर बांबू उजवीकडे वळला,
मला डावीकडे जायचं होतं.
तो म्हणाला, "डावीकडचं मला माहीत नाही."

वडाळ्यात दोन घरं झाली. नाडकर्णींच्या सुनेनं
पाय पुसायला टॉवेल दिला, नवा, घडी न मोडलेला.
तो मी चिखलानं काळा केला. अजून मनात आहे तो टॉवेल.
तिसऱ्या घराला कुलूप.
चौथ्यांनी पोहे खाल्ले होते, नजर चुकवत म्हणाले,
"आज कोण येतंय, असं वाटलं."

पाचवे कॉन्ट्रॅक्टर, पारशी कॉलनी, वय ब्याऐंशी.
त्यांच्या बिल्डिंगच्या दारात शिरीष पडलेला,
सबंध, मुळांसकट,
असा, की दारही आत आणि दारवानही आत.
पानांमागून आवाज आला, "कोण, ब्लडवाली बाई?"
"मीच."
"सोळ कलाक थई गया," आणि मग मराठीत,
"सोळा तास. एक खारी समोर ठेवून बसलोय.
मी तिला बघत नाही. ती मला बघते."

आगीच्या बंबाला संध्याकाळ होणार होती.
डब्यातल्या विटा डुचमळायला लागल्या होत्या.

मग फांद्या हलल्या
आणि त्यातून एक हात बाहेर आला.
सुरकुतलेला, डागाळलेला,
मनगटावर घड्याळ काढून ठेवल्याची पांढरी खूण.
मी पट्टा बांधला. मूठ आवळा म्हटलं.
चेहरा दिसत नाही, नुसता श्वास ऐकू येतोय,
आणि एवढ्या ओल्या पाल्यात
म्हाताऱ्या माणसाची शीर शोधायची.
डोळे मिटून बोट टेकवत गेले.
इथं नाही.
इथं नाही.
इथं आहे.

नळी भरताना शिरीषाचे गुलाबी तंतू
हातमोज्याला चिकटले, ते झटकता येईनात.
"झालं?"
"झालं. कापूस दाबून धरा."
त्यांनी धरला नसावा,
कारण लगेच पलीकडं कुरकुर वाजलं,
आणि थोड्या वेळानं त्याच भोकातून
बशीत अर्धी खारी बाहेर आली.
मी ती उभ्यानंच खाल्ली, हातमोजा न काढता.
नियमात बसत नाही.

परळच्या लॅबपर्यंत अजून दीड तास होता.
फॉर्मवर वेळ लिहिली, बारा वाजून दहा.
'मजला' असाही एक रकाना असतो.
त्यात लिहिलं: झाडापलीकडे.
लॅबमधल्या मुलानं ते खोडून
तळमजला केलं.