तोवर पूल बंद

ग्रिम्सबीत, पबच्या माडीवर, दर गुरुवारी
आम्ही चौघं एक राज्य वाचवतो.
नेरिस लायब्ररीत होती, लायब्ररी होती तोवर;
आता चेटकीण, सातव्या पातळीची.
क्लिफर्ड बस चालवतो. इथे तो कुऱ्हाडवाला बुटका,
आणि वेळेवर येतो.
खेळ मी चालवतो, म्हणजे राक्षसांची बाजू माझी.

खाली टीव्हीवर नवे पंतप्रधान
काळ्या दारापुढे, भुरभुर पावसात, छत्रीविना.
"हे कितवे?" विनिफ्रेड विचारते.
कुणी मान वर करत नाही.
केकच्या स्पर्धेतून परवा कोण गेलं
यावर मात्र अर्धा तास भांडण,
चिप्स गार होईपर्यंत.

आज पुलावर राक्षस उभा केला, जकात मागणारा.
वाटलं, कुऱ्हाड निघेल.
नेरिसने विचारलं, "पावती देतोस का?"
मग, "पूल शेवटचा दुरुस्त कधी केलास?"
राक्षस गडबडला. मला त्याचा आवाज काढता येईना.
"चौकशी समिती नेमतो," तो म्हणाला,
आणि सगळे माझ्याकडे असे बघायला लागले
जसा काही मीच निवडून आलो होतो.

नेरिसने फासा टाकला.
तो घरंगळत रेडिएटरखाली.
क्लिफर्ड अजून टॉर्च घेऊन पालथा पडलाय.