उजवा रकाना

एवारिस्तो तार्की आला तेव्हा मी शटर निम्मं ओढलं होतं.
एल आल्तोतली सहानंतरची थंडी कुणाची भीड ठेवत नाही,
स्क्रू फिरवणाऱ्या बोटांची तर नाहीच.
काखेत लॅपटॉप, पोत्यात गुंडाळलेला,
गुरुवारच्या बाजारात घासाघीस करून घेतलेला.
एका बिजागरीला चिकटपट्टी.
जागा एवढीशी, की विंडोज तिच्यात मावेना,
म्हणून भाच्याने लिनक्स घातलं
आणि त्या दिवसापासून यंत्राने ब्र काढलेला नाही.

"भाचा म्हणतो, स्वस्तातला आहे, मुकाच असायचा."
मी म्हटलं, माझं लग्नही स्वस्तातच झालं,
नवरा अजून बोलतोच आहे.
तो हसला नाही.

सेटिंग उघडलं. आवाज कुठे जातोय?
तर, डमी आउटपुट.
म्हणजे भिंतीवर रंगवलेलं दार.
गाणं येतं, टकटक करतं, तिथेच ताटकळतं.
साउंड कार्ड आत होतं, धडधाकट,
त्याच्याशी बोलणारं कुणी नव्हतं इतकंच.
फर्मवेअरचं गाठोडं माझ्या फोनच्या
उरल्यासुरल्या डेटावर उतरवलं,
एका फाइलीत एक ओळ लिहिली,
एक अक्षर चुकलं, पुन्हा लिहिली.
रीस्टार्ट.

तेवढ्यात त्याने सांगितलं.
भाऊ इलारिओन साओ पावलोत, एका तळघरात
जीन्सचे खिसे शिवतो. नुसते खिसे.
सिकू एकट्याने वाजत नाही, दोघांत सूर वाटलेले असतात,
समजा सा ग प एकाकडे, रे म ध दुसऱ्याकडे,
एकाने फुंकायचं तेव्हा दुसऱ्याने श्वास घ्यायचा.
याने आपले अर्धे सूर पाठवले,
त्याने त्यात आपले भरून परत पाठवले.
अठरा दिवस फाइल या मुक्या डब्यात.
भाऊ विचारतो, ऐकलंस का?
"मी लिहिलं, हो. छान."

काळ्या पडद्यावर रकाने उभे राहिले,
प्रत्येकाच्या पायाशी एम एम,
ओठांवर ठेवलेली दोन बोटं.
एम दाबलं. बोटं निघाली.
आणि माझ्या टपरीत सिकू वाजला,
एक सूर, मग भोक,
एक सूर, मग भोक,
दात पडलेल्या माणसाने शीळ घालावी तसा.

एवारिस्तो ऐकत राहिला. मग म्हणाला,
"हा तर मीच.
त्याने वाजवलंच नाही. माझंच मला परत पाठवलं."
पोतं उचललं. "किती झाले?"

थांबा, म्हटलं.
मुख्य रकाना दोन उभ्या पट्ट्यांचा.
डावी लाल टोकाला भिडलेली.
उजवी रिकामी, तळाशी शून्य.
ई दाबलं. पुन्हा ई.
एकेक पायरी चढवत गेले,
आजारी माणसाला जिना चढवावा तशी.

सत्तरच्या आसपास इलारिओन आला.
उजव्या स्पीकरमधून, किंचित फाटका,
मागे शिलाई मशीनची घरघर,
कुणीतरी पोर्तुगीजमध्ये दोरा मागतंय,
आणि भोकं बुजत गेली.
एवारिस्तोने पोतं खाली ठेवलं.
काउंटरवर बोटाने ठेका धरला
आणि एका जागी त्याचं बोट अडखळलं.

सकाळी शटर उघडते तर हा दारात.
रात्री बंद करून उघडला, पुन्हा मुका!
चूक माझी.
बदललेलं साठवून ठेव, हे यंत्राला वेगळं सांगावं लागतं;
मी विसरले होते. एका ओळीचं काम.
पैसे घेतले नाहीत, त्याने कोपऱ्यावरून
जांभळ्या मक्याचं गरम आपी आणलं, जीभ पोळली.

मग तिथेच उभ्या उभ्या,
हातमोजा दातात धरून, अंगठ्याने लिहू लागला.
मी चोरून वाचलं:
परवा खोटं बोललो. आत्ता ऐकलं.
तिसऱ्या फेरीत मागे पडलास.