पासंग

डुलूथमध्ये जानेवारीत सरोवर आतून कण्हतं.
बर्फाच्या जाड थराखाली काहीतरी सरकतं
आणि माझ्या हार्डवेअरच्या दुकानाखाली, तळघरात,
पाच माणसं मुठीत फासे धरून थांबतात.
कुणीतरी म्हणतं, ड्रॅगन कूस बदलतोय.
मग पुन्हा खेळ.

नियमांची वही माझ्याकडे, पेन्सिलीनं लिहिलेली.
एका पानाला खोडून खोडून भोक पडलंय.
ते पान वैदूचं.

आधी लिहिलं होतं: वैदूनं हात ठेवला
की दोन फाशांइतकी जखम भरते, आठ बाजूंचे फासे.
झालं. कुणी मरेना.
टिबेट्सचा योद्धा राक्षसाच्या जबड्यात शिरून
दात मोजून परत यायचा,
वर आम्हालाच सांगायचा, दोन किडके आहेत.

मग छाटलं. एकच फासा, चार बाजूंचा,
आणि सोबत्याला आशीर्वाद: अधिक एक.
आता लोर्ना हापाला रात्रभर बसून राहायची.
पाळी आली की म्हणायची, "ॲन्सेलला अधिक एक."
ॲन्सेल तो मिळवायला विसरायचा.
आठवलाच, तर तेराचे चौदा व्हायचे
आणि लागायचे सोळा.

लोर्ना बर्फ उपसायचा ट्रक चालवते, पहाटे तीनपासून.
लोक उठतात तेव्हा रस्ता मोकळा असतो,
मोकळा रस्ता कुणाच्या डोळ्यांत भरत नाही.
हे मी तिला बोललो नाही.
तोंडावर हसली असती.

एका शनिवारी तिनं आपल्या पात्राचा कागद पालथा केला
आणि मागे लिहायला घेतलं:
दूध, बॅटऱ्या, मांजराची वाळू.
आमचा गुहेत जीव चाललेला.

वर दुकानात जुन्या मालकाची तागडी आहे,
खिळे मी अजून वजनावर विकतो.
डावं पारडं जन्माचं हलकं, म्हणून दांडीला
तारेनं बांधलेला शिशाचा तुकडा. पासंग.
गिऱ्हाईक खिळे बघतं, काटा बघतं.
मोठ्यांपुढे छोटा पासंगालाही पुरत नाही म्हणतात;
मी एकदा तो तुकडा सोडून पाहिला,
दिवसभराचा हिशेब खोटा निघाला.

त्या रात्री वही घेऊन तागडीपाशीच बसलो.
किती द्यायचं, किती काढायचं,
वर्षभर हेच घोकत होतो.
केव्हा, हे विचारलंच नव्हतं.

नवा नियम, भोकाच्या शेजारी, बारीक अक्षरात:
फासा पडल्यावर, पण निकाल माझ्या तोंडून निघण्याआधी,
वैदू म्हणू शकते, थांब.
मग तो फासा तिचा. तीच पुन्हा टाकणार.
रात्रीतून तीनदा.
जुन्या कोटाची तीन बटणं
डब्याच्या झाकणात तिच्यापुढे ठेवली.

काळ्या नदीवरचा पूल. टिबेट्सनं टाकला: दोन.
सगळ्यांनी पाहिले दोन.
मी तोंड उघडलं.
"थांब," लोर्ना म्हणाली,
यादीवरून मान वर न करता.

चार चेहरे तिच्याकडे वळले.
तिनं फासा ओंजळीत घेतला, त्यावर फुंकर घातली
(बोटं फुटलेली, नखात ग्रीस)
आणि सोडला.
सात.

लागत होते सोळा. योद्धा नदीत गेला तो गेलाच.
पण त्यानंतर फासा टाकण्याआधी प्रत्येक जण
आधी झाकणाकडे बघायचा, मग तिच्याकडे.
ऑकरलुंड कुरकुरला, हे जरा जास्तच होतंय,
बटणं दोनच करा.
करीनही पुढच्या महिन्यात.
तराजू एकदा लावून सुटत नाही.

एक वाजता ती उठली. दुसरं बटण भुताच्या वेळी गेलं होतं,
म्हणजे झाकणात एक उरायला हवं होतं.
नव्हतं.
तिच्या कोटाला सगळी बटणं होती, मी पाहिलं.
विचारलं नाही.

तीनच्या सुमारास खिडकीखालून ट्रक गेला,
फाळ रस्त्याला घासत.
सरोवर कण्हलं.
मी पेन्सिल उचलली होती,
ती तशीच हातात राहिली.