बुटांचा खोका

बुधवारी तिसऱ्या तासाला
मी बुटांचा रिकामा खोका घेऊन वर्गात जाते.
झाकणाला भाजीच्या सुरीने चीर पाडली आहे,
जरा वाकडीच.
नाव लिहायचं नाही, एवढा एकच नियम.
चिठ्ठ्या पडत असतात तेव्हा
पीटरहेडच्या बंदरावर सीगल असे कोकलतात
की कोणी लाजून खुदकन हसलं
तरी ऐकू जात नाही.
बरंच आहे ते.

आज निघालं ते असं:
दाढ काढण्यापेक्षा जास्त दुखतं का.
पाण्यात दिसतं का.
आजी म्हणते, त्या दिवसांत केस धुवायचे नाहीत, खरं का.
इथे मी थबकले.
माझ्या आत्याचं वाक्य
या थंड समुद्राकाठच्या आजीला
कोणी पढवलं?

मिरजेत मला कावळा शिवला होता.
म्हणजे घरात तसं सांगण्यात आलं,
आणि मी तीन दिवस आरशात
मान वळवून वळवून
पाठीवर चोचीची खूण शोधत होते.
तांब्या वेगळा मिळाला, सतरंजी वेगळी.
कारण मिळालं नाही.
पुढे नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला
बाईंनी फळ्यावर गर्भाशय काढलं
निळ्या खडूने.
लाल खडू होता.
मी पाहिला होता.

म्हणून मी लाल पेनच आणते.
मूठ वळा, म्हणते,
एवढंसं असतं, उलट्या पेअरसारखं.
अख्खा वर्ग मूठ वळतो, मुलगेसुद्धा,
आणि क्षणभर वाटतं
आता मोर्चा निघणार.

तळाशी एक चिठ्ठी राहिली होती,
चार घड्या घातलेली, पेन्सिलीची.
बहिणीला सुरू झालंय. आई नाही.
बाबा बोटीवर, शुक्रवारी येतील.
दुकानात हिरवं घ्यायचं की जांभळं?
तिचं नाव आयला.

स्वतःचं नाव त्याने लिहिलं नव्हतं,
नियम पाळला होता.
आयला! माझ्या मिरजेच्या जिभेला हसू फुटलं
आणि दातांमागेच थांबलं.

ही मोठ्याने वाचली नाही.
खिडकीकडे बघत सगळ्यांनाच सांगितलं:
हिरवं दिवसाचं, जांभळं रात्रीचं.
तीन-चार तासांनी बदलायचं,
कागदात गुंडाळून डब्यात टाकायचं,
फ्लश नाही, प्लंबर माझ्या नावाने शिमगा करतो.
विकत घ्यायचं कारण नाही.
खाली जिन्याजवळ कपाट आहे, कुलूप नाही,
मोजायला कोणी बसलेलं नाही.
स्वतःसाठी न्या, बहिणीसाठी न्या.
आणि दुखण्यापायी शाळा बुडत असेल
तर "बाईच्या जातीला हे असायचंच"
म्हणणाऱ्या माणसाकडे जाऊ नका,
डॉक्टरकडे जा.

कोणाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं.
तरी घंटा झाल्यावर दिसलंच,
दारातून निसटणाऱ्या एका मनगटावर
बॉलपेनने लिहिलेलं:
हि. दिवस. जां. रात्र.

गुरुवारी कपाटात दोन पाकिटं कमी होती
आणि गरम पाण्याची एक पिशवी,
जी खरं तर माझ्या टेबलावरची होती.

महिन्याने प्राथमिक शाळेत गेले.
सातवीची यादी, अठ्ठावीस नावं.
नववं आलं तसा मी आवंढा गिळला.
आत्यासमोर हा शब्द उच्चारला असता
तर थोबाडीत बसली असती.
आयला, म्हटलं, स्पष्ट.

मागच्या बाकावरून हात वर झाला.
केस ओले, कानामागे चिकटलेले,
आणि बाकाच्या पायाशी पोहण्याची पिशवी,
तिच्यातून लाद्यांवर
हळूहळू पाणी ठिबकत होतं.